डिसेंबरातला कूलर

सर,

परवा रविवारी तुमची मुलगी धुळ्याला माझ्या घरी येऊन गेली. जळगावचं तुमचं घर ती रिकामं करते आहे. माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली, पेटीत एक कापडी पिशवी, आणि पिशवीला दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर माझं माहेरचं नाव, आडनावासकट, तुम्ही हजेरीपटात लिहायचात तसं. तुम्हाला जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली, माझं आडनाव कधीच बदललं, पण पोरीने चौकशी करून मला शोधून काढलंच. "ताई, आबांनी तुमच्यासाठी ठेवलं होतं बहुतेक. द्यायचं राहून गेलं," म्हणाली. पोहे खाल्ले, चहा घेतला आणि चारच्या एसटीने परत गेली. मी पिशवी खुंटीला अडकवून ठेवली. खरं सांगते, उघडायची इच्छाच नव्हती. सोमवारी सकाळी दूध तापेपर्यंत वेळ होता म्हणून उघडली. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅसचा वास घरभर झाला, तरी मला पत्ता नाही. शेजारीण धावत आली तेव्हा मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले होते आणि मांडीवर माझीच जुनी प्रयोगवही होती.

तीस वर्षं मी एक गोष्ट ज्याला त्याला सांगत आले. नवऱ्याला सांगितली, कॉलेजातल्या बायकांना सांगितली, हुशार विद्यार्थ्यांना तर हटकून सांगितली. जळगावला असताना माझ्या हातून एक शोध लागला होता, आणि माझ्या गाईडने, म्हणजे तुम्ही, ऐन वेळी कच खाल्ली, छापून यायच्या बेतात असलेला पेपर मागे घेतला आणि मला तोंडघशी पाडलं, अशी ती गोष्ट. सांगून सांगून गुळगुळीत झाली होती. सोमवारी कळलं की शोध लागलाच नव्हता. जे दिसलं ते माझ्या चुकीतून दिसलं होतं. ती चूक तुम्ही पकडली होती, आणि ती माझी आहे हे पक्कं माहीत असताना तुम्ही ती जगाला स्वतःची म्हणून सांगितली होती. हे वाक्य लिहून मी दोनदा वाचलं. अजून खरं वाटत नाही.

मी तुमच्याकडे एम. फिल.ला आले ती नव्वदीची सुरुवात होती. धुळ्याच्या जिनिंगमध्ये कापूस पारखणाऱ्या माणसाची मुलगी, एम. एस्सी.ला वर्गात पहिली आणि जिभेने फटकळ. माझा विषय ऐकून वडील म्हणाले होते, "दगडना अभ्यास? दगडमा काय शे?" मी त्यांना समजावून सांगायचा प्रयत्नही केला नव्हता, कारण तेव्हा मलाच नीट कळलं नव्हतं. पुस्तकात ज्यांना दुर्मिळ मृदा म्हणतात त्यांतलं एक मूलद्रव्य लँथॅनम. त्याची पांढरी पूड आणि शुद्ध वाळूची पूड खलात घोटायची, दाबून वडी करायची, भट्टीत रात्रंदिवस भाजायची. त्यातून जो सिलिकेट तयार होतो त्याची आतली रचना शोधायची, म्हणजे कुठला अणू कुठे बसतो ते. निसर्गातल्या काही खनिजांची हीच घडण असते, आपल्या दातांचीही साधारण हीच. "रोज घासतेस तेच आहे ते. घाबरू नको," असं तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात.

रचना मला कळली ती तुमच्या घरी, बुद्धविहाराच्या गल्लीत, काकूंच्या स्वयंपाकघरात. काकूंनी उसळीसाठी हरभरे भिजवलेले असतात. तुम्ही वाटीभर हरभरे उचलता, खराट्याच्या काड्या मोडता आणि पाटावर बसता. काकू चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणतात, "बठ्ठा नका लई जाऊ, रातले उसळ करनी शे." सगळे नेत नाही म्हणून तुम्ही हसता. मधोमध एक हरभरा आणि काड्यांनी जोडलेले भोवती चार. हे सिलिकॉन आणि त्याचे चार ऑक्सिजन. असे पाच-सहा तुकडे, एकमेकांना न चिकटता सुटे उभे. त्यांच्या मधल्या जागांत लँथॅनम, आणि सगळ्यांच्या मधून वरपासून खालपर्यंत एक बोगदा, त्यात जादाचे ऑक्सिजन. मग तुम्ही म्हणालात, "आता गंमत बघ. लँथॅनमला बसायला जागा दहा, आणि हिशेबाने लँथॅनम येतात सव्वानऊच्या जरा वर. म्हणजे काही जागा रिकाम्या राहणार. रिकाम्या राहूनही घर पडत नाही." त्या रिकाम्या जागा वाटेल तशा विखुरलेल्या असतात की ठरलेल्या ओळीने, हे तुमचं कोडं होतं. तुमच्याबरोबर तेच माझंही झालं. घरी जाताना रस्ताभर माझ्या डोक्यात त्या रिकाम्या जागा होत्या.

पहिल्याच आठवड्यात मी तुमची बोलणी खाल्ली. लँथॅनमच्या पुडीची बाटली उघडी ठेवून मी दाराशी एका मैत्रिणीशी बोलत उभी होते. दोन मिनिटं झाली असतील. कॉलेजात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात, पण चिडलात की एरंडोलकडचं तुमचं गाव तोंडात यायचं. "झाकण लाव आधी. ही पूड बठ्ठं पाणी पी टाकस." मग शांत होऊन नीट सांगितलंत. ही पूड हवेतली ओल ओढून घेते आणि गुपचूप जड होते. तराजूवर दहा ग्रॅम दिसतात, पण त्यात लँथॅनम कमी आणि पाणी जास्त. लँथॅनम कमी पडलं की वाळू उरते, आणि उरलेली वाळू थोड्या लँथॅनमला धरून भलताच दुसरा पदार्थ बनवते. म्हणून नियम असा की दर वेळी तोलण्याआधी पूड हजार अंशांवर चार तास भाजायची, काचेच्या बंद बरणीत निवू द्यायची आणि लगेच तोलायची. बरणीच्या तळाशी ओल शोषणारे निळे दाणे होते. ते गुलाबी झाले की समजायचं ओल शिरली, दाणे बदलायला हवेत. मी कानाला खडा लावला. तो खडा किती दिवस टिकला ते आता तुम्हीच मला दाखवलंत.

जळगावचा मे महिना तुम्हाला मी काय सांगायचा. तराजूची खोली छोटी, पंखा लावायची सोय नाही, कारण पंख्याने तराजूचा काटा हलतो आणि पूड उडते. खिडक्या बंद, शेजारच्या खोलीत भट्टी. चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या नाकाचा घोळणा फुटला आणि वहीच्या पानावर रक्ताचे दोन थेंब पडले. तुम्ही तो डाग पाहिलात. संध्याकाळी मला म्हणालात, चल माझ्याबरोबर. घरी जाऊन तुम्ही तुमचा पत्र्याचा कूलर खिडकीतून काढायला लागलात. त्या घरात तो एकच कूलर होता. मी लाजेने म्हटलं, सर, राहू द्या, घरी लहान मुलगी आहे. तुमची ही मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, कूलरपुढेच चटईवर पालथी पडून अभ्यास करत होती. काकूंनीच तिला उठवलं, आणि मी तिथे भाजून निघतेय म्हणून म्हणाल्या, "लई जा. तठे ती पोर भाजी राहिनी. आमले सवय शे." हातगाडीवर घालून आपण तो कूलर कॉलेजात आणला आणि तराजूच्या खोलीबाहेर, दाराच्या तोंडाशी मांडला. दार अर्धं उघडं ठेवलं की वाऱ्याचा झोत सरळ तराजूवर येत नसे, पण खोली गार व्हायची. तुम्ही नवं गवत घातलंत, पंप लावलात, पाण्याची बादली माझ्या हातात दिलीत. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं होतं की घरी पत्र लिहून कळवलं.

आणि मग तुम्ही उत्तरपत्रिका तपासायला गेलात, जवळजवळ तीन आठवडे. वड्यांसाठी पूड तोलायचं सगळं काम माझ्यावर. पहिल्या दिवशी मी पूड भाजली, चार तास, नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी भट्टीकडे बघितलं आणि नको वाटलं. भट्टी पेटवली की कूलर असून नसल्यासारखा. मी विचार केला, आणि तो विचार मला तेव्हा फार शहाणपणाचा वाटला होता, की जळगावच्या मेमध्ये ओढणी धुवून टाकली तर पाच मिनिटांत वाळते, मग हवेत पाणी आहेच कुठे? हा नियम मुंबईवाल्यांसाठी असेल, नाहीतर पावसाळ्यासाठी. बाटली काढली आणि तशीच तोलली. वहीत एक रकाना होता, 'पूड भाजली, तास'. पहिल्या ओळीत मी 'चार' लिहिलं होतं. दुसऱ्या ओळीत 'वरीलप्रमाणे' लिहिलं. तिसऱ्या ओळीत 'वरीलप्रमाणे'. पान संपलं तरी 'वरीलप्रमाणे'. खोटं लिहिते आहे असं माझ्या मनाला शिवलं नाही. हात चालत होता.

कूलर म्हणजे गारवा, एवढंच माझ्या डोक्यात. तो गारवा पाण्याचा असतो, दिवसभर ओली हवा त्या खोलीत भरत असतो, हे एम. एस्सी. झालेल्या मुलीच्या डोक्यात आलं नाही. बरणीतले निळे दाणे गुलाबी झाले होते. मी ते पाहिले, सर. पाहिले आणि बदलायचे राहू दिले. माझ्या वडिलांची सगळी उमर ओल ओळखण्यात गेली. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचे आणि सांगायचे, "हाऊ कापूस ओला शे. परत लई जाय." वजन वाढावं म्हणून पाणी मारलेला कापूस त्यांना कधी फसवू शकला नाही. त्यांची मुलगी गार खोलीत बसून ओली पूड तोलत होती आणि शीळ वाजवत होती.

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. वड्या भाजल्या, पूड करून मुंबईला तुमच्या मित्राकडे पाठवली, त्यांनी क्ष-किरणांचे फोटो काढून दिले. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून फिल्मच्या अरुंद पट्ट्या टपालाने आल्या. खाली बल्ब लावलेल्या काचेवर पट्टी ठेवून आपण दोघं भिंगातून बघतोय. बांगडीचे तुकडे ओळीने मांडावेत तशा रेघा. ठळक रेघा अपेक्षेप्रमाणे जागेवर. पण त्यांच्या मधे मधे काही फिकट रेघा, ज्यांचा हिशेब लागत नव्हता. तुम्ही म्हणालात, "घाई नको. कचरा असेल." मी म्हणाले, कचरा नाही. मी महिनाभर आकडेमोड केली. रचनेची जी सर्वांत लहान पेटी पुन्हा पुन्हा रचून सगळा स्फटिक बनतो, ती पेटी तिप्पट मोठी धरली तर फिकट रेघा जवळजवळ बसत होत्या. म्हणजे रिकाम्या जागा विखुरलेल्या नाहीत, ओळीने आहेत. हे आजवर कुणी दाखवलं नव्हतं. तुम्ही आठ दिवस त्या पट्ट्या भिंगातून पुन्हा पुन्हा बघत होतात. शेवटी म्हणालात, "वही आण." वहीतले रकाने बघितलेत, 'वरीलप्रमाणे' बघितलंत, आणि म्हणालात, "तोलण्यात तर काही गडबड दिसत नाही." तुमचा माझ्या वहीवर विश्वास बसला म्हणून तो पेपर लिहिला गेला, हे आज समजतंय. तेव्हा वाटलं होतं की माझ्या हुशारीवर बसला.

पेपर परदेशी नियतकालिकाने छापायला घेतला. गावातल्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, तुमचा पासपोर्टचा फोटो छापला. काकूंनी तो अंक वरच्या फळीवर जपून ठेवला. कॉलेजात पेढे वाटले गेले आणि जे तुम्हाला कधी खुर्ची सरकवून देत नव्हते त्यांनीही पेढा घेतला. मला त्याच दिवाळीनंतर धुळ्याच्या कॉलेजात तात्पुरती नेमणूक मिळाली. कूलर पावसाळ्यातच तुमच्या घरी परत गेला होता; मी भट्टी, तराजू सगळं मागे टाकून आले आणि वर्गात उभं राहून वहीत खरं लिहावं, प्रामाणिक नोंद हाच विज्ञानाचा पाया, असं मुलांना शिकवायला लागले. तीस वर्षं तेच शिकवलं. आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

डिसेंबरात जळगावहून कुणीतरी धुळ्याला आलं होतं आणि आमच्या स्टाफरूममध्ये तुमची गोष्ट निघाली. म्हणे, सर थंडीत मफलर गुंडाळून प्रयोगशाळेत बसतात आणि समोर कूलर लावतात. घरून हातगाडीवर कूलर आणला, शिपायाला वाटलं दुरुस्तीला चाललाय. सगळे हसले. मीही हसले. मी तर आणखी मीठमिरची लावून सांगितलं की सरांचं सगळं उलटंच. जानेवारीत पेपर मागे घेतल्याची बातमी पसरल्यावर त्याच खोलीत एकजण म्हणाले, "कोट्यातून आलेल्यांकडून दुसरं काय व्हायचं? मोजमाप का त्यांचं काम आहे?" माझ्या हातात चहाचा कप होता. मी तुमच्या घरी जेवलेली, काकूंच्या हातची उसळ खाल्लेली. मी तो चहा शेवटपर्यंत प्याले आणि तासाला निघून गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

बातमी पसरण्याआधी तुम्ही स्वतः आला होतात. एसटीने, सकाळी लवकर निघून. मी तास संपवून बाहेर आले तर तुम्ही व्हरांड्यात उभे, हातात तीच कापडी पिशवी. हो, हीच. निळ्या काठाची. आज ओळखली. तुम्ही म्हणालात, "पेपर मागे घेतला. चूक झाली होती. तोलण्यात. माझी चूक." मी विचारलं, तुमची कशी, तोललं तर मी. तुम्ही म्हणालात, "मी गाईड आहे." मला ते ऐकूच आलं नाही. मला एवढंच दिसत होतं की मुंबईच्या संस्थेत शिष्यवृत्तीसाठी मी अर्ज केलाय आणि त्यात पहिल्या पानावर तो पेपर आहे. मी आवाज चढवला. मुलं थांबून बघायला लागली. मी म्हणाले, "तुमच्यात धमक नाही, सर. तुम्ही बुडताय तर मला का ओढताय?" तुम्ही पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतलीत. काही देणार होतात का? मला आता तसं वाटतंय. मग म्हणालात, "एम. फिल.ला धक्का लागणार नाही. तेवढं मी बघितलंय." आणि चालत बसस्टँडकडे गेलात. मी पाणीसुद्धा विचारलं नाही.

चार वर्षांनी तुम्ही गेल्याचं कळलं. उन्हाळाच होता. धुळ्याहून जळगाव किती लांब? मी घरी सांगितलं की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पडलेत. ते पडलेही होते.

आता पिशवीचं सांगते. तुमच्या छोट्या डायरीत डिसेंबरच्या आठ-दहा नोंदी आहेत. तुम्ही स्वतः पूड भाजून, स्वतः तोलून नवी वडी केली. मुंबईहून पट्टी आली. लिहिलंय, "फिकट रेघा नाहीत." मग माझ्या वेळची जुनी बाटली काढलीत. "दहा ग्रॅम भाजली. साडेनऊ उरली." म्हणजे अर्धा ग्रॅम पाणी, आणि त्या फिकट रेघा उरलेल्या वाळूने बनवलेल्या भलत्याच पदार्थाच्या. मी अर्धा ग्रॅम पाण्याला शोध म्हणत होते. त्याखाली एक दिवस कोरा. मग, "घरून कूलर आणला. पूड उघडी ठेवली." म्हणजे त्या थंडीत, मफलर गुंडाळून, तुम्ही माझा मे महिना पुन्हा उभा करत होतात, ओल नक्की कुठून आली ते पक्कं करायला. मी ज्यावर हसले ते हे होतं. दोन आठवड्यांनी नोंद, "रेघा परत आल्या." आणि एक शेवटची ओळ, "कूलर मी आणला."

मी ती ओळ वाचून थोडी सावरले होते, सर. म्हटलं, चला, म्हणजे सरांना वाटलं कूलरमुळे झालं, माझी वही त्यांना खरीच वाटली असेल. मग माझी वही उघडली. 'वरीलप्रमाणे'च्या प्रत्येक शब्दाभोवती तुमच्या लाल पेन्सिलचं गोल. एकोणीस गोल. पानाला टाचणीने लावलेला एक कागद, भट्टीच्या रजिस्टरातून उतरवलेला, त्या तीन आठवड्यांत भट्टी कधी पेटली त्याच्या तारखा. पूड भाजायला भट्टी एकदाच पेटली होती, पहिल्या दिवशी. बाकी काही नाही. शेरा नाही, प्रश्नचिन्ह नाही. मी तिथेच फरशीवर बसले. तुम्हाला माहीत होतं. धुळ्याच्या व्हरांड्यात उभे होतात तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं, आणि मी तुमची धमक काढत होते.

आणि पेपर मागे घेताना तुम्ही नियतकालिकाला पाठवलेल्या पत्राची कार्बन प्रत. इंग्रजीत, टाइप केलेली, एका पानाची. तिसरं वाक्य असं की पूड तोलण्याचं काम मी स्वतः केलं होतं आणि नियम पाळण्यात माझ्याकडून हयगय झाली, माझ्या विद्यार्थिनीचा त्याच्याशी संबंध नाही. तुम्ही, सर. दशांश चिन्हापुढच्या तिसऱ्या आकड्याची गोळाबेरीज केली म्हणून माझं अख्खं पान फाडणारे तुम्ही, सहीनिशी खोटं लिहून परदेशी पाठवलंत. खोट्या नोंदी केल्या म्हणून माझी एम. फिल. गेली असती, धुळ्याची नोकरी गेली असती. माझं पुढचं सगळं, घर, पेन्शन, निरोपसमारंभातली शाल, त्या एका वाक्यावर उभं आहे. मला तुमचा रागही आला. खरंच आला. का नाही मला खोलीत बसवून दोन थोबाडीत दिल्यात? मी रडले असते, पाय धरले असते, पुन्हा तोललं असतं. तुम्ही मला तीस वर्षं तोऱ्यात मिरवू दिलंत. की पिशवीत ते सगळं घेऊन तुम्ही सांगायलाच आला होतात, आणि मी तोंड उघडू दिलं नाही? हे आता कुणाला विचारू?

काल संध्याकाळी तुमच्या मुलीचा फोन आला. "ताई, उघडलीत का पिशवी? काय निघालं?" मी म्हटलं, जुने कागद गं, प्रयोगाचे. मग म्हणाली, "एक विचारू? आबांचं ते नेमकं काय चुकलं होतं हो? मी लहान होते. आई शेवटपर्यंत म्हणायची, त्यांच्या हातून अशी चूक व्हायची नाही. पण लोक फार बोलले. वर्गातली पोरं मला 'कूलरवाल्या सरांची' म्हणून चिडवायची. आबांना विचारलं तर नुसते हसायचे." वही माझ्यापुढे टेबलावर उघडी होती. लाल गोल दिसत होते. माझ्या तोंडून निघालं, "अगं, तोलताना होतं कधी कधी असं. मोठमोठ्या माणसांकडूनही होतं." मग ती म्हणाली, "हं. म्हणजे त्यांच्याकडूनच झाली होती." आभार मानून तिने फोन ठेवला.

हे पत्र मी तुम्हाला लिहिते आहे कारण तुम्ही ते वाचणार नाही. जिने ते वाचायला हवं तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, आणि सकाळपासून मी तो चार वेळा काढून परत बंद केला आहे.